वैरणीवर दरवर्षी तीच कीड का परतते? कोणत्या गवताला कोण, कुठे तोंड लावतं ते आधी बघा

जुलै उजाडला की तक्रार ठरलेली असते. मका गुडघ्याला लागला आणि पानांची चाळण झाली. फवारणी केली, आठ-दहा दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. शेजारच्या वाफ्यातलं नेपियर गवत मात्र तरारलेलं. कडवळात, म्हणजे चाऱ्याच्या ज्वारीत, मधला पोंगा (गुंडाळलेली कोवळी पानं) तेवढा वाळलेला, आजूबाजूची पानं हिरवीगार. बांधावरचं मारवेल गवत एका रात्रीत काड्यांवर आलेलं. कृषी सेवा केंद्रात या सगळ्या तक्रारी सांगितल्या तरी बहुतेक वेळा एकच बाटली हातात पडते, आणि पुढच्या पावसाळ्यात आपण पुन्हा त्याच काउंटरवर उभे.

किडे वेगळे, त्यांची खाण्याची रीत वेगळी, आणि गवतंही वेगळ्या स्वभावाची. त्यातून वैरण म्हणजे धान्याचं पीक नव्हे. दाणा भरेपर्यंत थांबायचं नसतं, कापून गव्हाणीत टाकायचं असतं. धान्याच्या मक्यासाठी लिहिलेला सल्ला वैरणीला जसाच्या तसा लावला की एकतर पैसे वाया जातात, नाहीतर औषध दुधापर्यंत जातं. दोन-चार दुभती जनावरं आणि अर्धा-एक एकर हिरवी वैरण, असा ज्यांचा संसार आहे त्यांना डोळ्यासमोर ठेवून पुढचं लिहिलं आहे.

आधी पोंगा ओढून बघा

गवतवर्गीय पिकाचं वाढीचं टोक कोवळ्या वयात वर शेंड्याला नसतं. ते खाली, जमिनीलगत, पानांच्या आवरणांच्या आत दडलेलं असतं. गाय चरून गेली, विळा फिरला, तरी गवत पुन्हा फुटतं ते त्यामुळेच. किडीच्या बाबतीतही पहिला प्रश्न हाच: तोंड पानाला लागलं आहे की त्या टोकाला? पान खाल्लं तर वैरण कमी होते, पण झाड सावरतं. टोक खाल्लं तर ती काडी संपली, पुढे फुटवा येईल तेवढाच.

म्हणून वाफ्यात बसा आणि दहा-वीस झाडांचं मधलं पान चिमटीत धरून हलकेच वर ओढा. पान सहज हातात आलं, बुडाला कुजलेलं आणि घाण वासाचं निघालं, आणि पीक महिन्याच्या आतलं कडवळ असेल, तर ती खोडमाशी. पान आलं, पण खोडाला भोक आहे, चिरल्यावर आत बोगदा आणि विष्ठा आहे, तर खोडकिडा. पान घट्ट आहे, पण पोंग्यात ओलसर भुशासारखी विष्ठा साचली आहे आणि उमललेल्या पानांना मोठी, फाटकी भोकं आहेत, तर अमेरिकन लष्करी अळी. पानं कडेपासून आत खाल्लेली, मधली शीर तेवढी उभी, आणि दिवसा एकही किडा दिसत नाही? मग रात्री बॅटरी घेऊन या. आपली जुनी लष्करी अळी असेल. नाकतोडे असतील तर ते दिवसाही उडताना दिसतीलच. पानं चिकट आणि चकाकणारी असतील तर मावा. आणि अख्खा ठोंबच पिवळा पडून हाताला उपटून येत असेल तर पानं बघण्यात अर्थ नाही, कुदळ आणा.

एक घोळ नेहमी होतो. पान पोंग्यात गुंडाळलेलं असताना आरपार भोक पडलं की उमलल्यावर ती भोकं एका आडव्या ओळीत दिसतात. खोडकिडाही अशी ओळ पाडतो, अमेरिकन लष्करी अळीही. खोडकिड्याची भोकं बारीक, टाचणीने टोचल्यागत, आणि विष्ठा नगण्य. अळीची भोकं मोठी, वेडीवाकडी, आणि पोंग्यात भरपूर घाण. एवढा फरक कळला तरी निम्म्या चुकीच्या फवारण्या वाचतात, कारण खोडात शिरलेल्या किड्यापर्यंत वरची फवारणी पोचतच नाही.

मका: अळीचा मुक्काम आपणच वाढवतो

अमेरिकन लष्करी अळी मूळची अमेरिका खंडातली. भारतात ती पहिल्यांदा नोंदवली गेली २०१८ च्या मे महिन्यात, कर्नाटकातल्या शिवमोग्गा भागात, मक्यावर. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही पोचली. डोक्यावर उलट्या ‘वाय’ अक्षराची खूण आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके, ही तिची ओळख आता बहुतेकांना पाठ आहे. तिच्या सवयी मात्र तितक्या पाठ नसतात, आणि उपाय सवयींवरच बेतावे लागतात.

मादी पुंजक्याने अंडी घालते, एका पुंजक्यात साधारण १०० ते २००, वरून आपल्या अंगावरच्या लोकरीने झाकलेली. दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पानाचा हिरवा थर खरवडतात, वरची पातळ कातडी तशीच ठेवतात. त्यामुळे पानावर पांढुरके, आरपार उजेड दिसणारे चट्टे पडतात. काही पिल्लं रेशमाच्या धाग्याला लोंबकळून वाऱ्यावर शेजारच्या झाडांवर जातात. मोठी होऊन पोंग्यात शिरली की एकमेकींनाही खातात, म्हणून एका पोंग्यात बहुधा एकच मोठी अळी सापडते. आपण जिला बघून हादरतो ती हीच. तिने आयुष्यभरात खाल्लेल्यापैकी निम्म्याहून बरंच जास्त शेवटच्या अवस्थेत खाल्लेलं असतं, आणि त्या वेळी ती पोंग्यात आपल्याच विष्ठेच्या बुचाखाली बसलेली असते. वरून मारलेलं औषध त्या बुचावरून ओघळून जातं. ‘औषधच नकली होतं’ ही तक्रार कधी खरी असते, पण पुष्कळदा फवारणी पांढुरक्या चट्ट्यांच्या वेळी व्हायला हवी होती ती पंधरा दिवस उशिरा झालेली असते.

आता दरवर्षीचं दुखणं. या अळीला सुप्तावस्था नाही. हुमणीचा भुंगा जसा महिनोन्‌महिने जमिनीत स्वस्थ बसतो तसं हिला जमत नाही. पिढीमागून पिढी कोवळं गवत लागतंच. आपल्या हवामानात महिना-सव्वा महिन्यात एक पिढी होते. आणि दुधाचा धंदा करणारा माणूस काय करतो? हिरव्या वैरणीत खंड नको म्हणून दर पंधरा-वीस दिवसांनी दोन-चार गुंठे मका टाकतो. एक वाफा कापणीला, एक कमरेला, एक नुकता उगवलेला. गोठ्याच्या हिशेबाने हे नियोजन उत्तम आहे. अळीच्या हिशेबानेही उत्तम आहे: एका वाफ्यातले कोष जमिनीतून पतंग होऊन निघतात तेव्हा शेजारी दोन पानांचा ताजा मका वाट बघत असतो.

फवारणीचं वेळापत्रक घट्ट करून यातून सुटका नाही. पेरणीचं वेळापत्रक बदलावं लागतं. मका टप्प्याटप्प्याने न पेरता ठरलेला सगळा एकदमच पेरा, दाणे चिकात आल्यावर एकदमच कापा आणि मुरघास करा. रोजची हिरवी वैरण नेपियर आणि लसूणघासावर चालवा. लसूणघास द्विदल आहे. त्याच्यावर मावा येतो, पानं खाणाऱ्या दुसऱ्या अळ्याही येतात, पण मक्याची पोंगा पोखरणारी मंडळी तिथे सहसा रमत नाहीत. रब्बीत मक्यावर मका न घेता मध्ये घास किंवा चवळी घ्या. मक्यात चवळीची ओळ घातली तर वैरणीतली प्रथिनं वाढतात आणि परभक्षी किड्यांना आसराही मिळतो.

हे करूनही अळी येणार नाही असं नाही. पतंग एका रात्रीत शंभरेक किलोमीटर जाऊ शकतो, आणि शेजाऱ्याचा मका तुमच्या हातात नाही. पण ‘थोडी येते’ आणि ‘कायम असते’ यात दर महिन्याच्या खर्चाचा फरक आहे.

उगवण झाल्यापासून आठवड्यातून दोनदा वाफ्यात फेरी मारा. एकरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावले तर पतंग कधी वाढले ते कळतं. रोपावस्थेत शंभरात पाच झाडांवर ताजे चट्टे दिसले की ५ टक्के निंबोळी अर्क, किंवा बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जीवाणूचं औषध २ ग्रॅम प्रति लिटर, संध्याकाळी, नोझल पोंग्याकडे वळवून. जीवाणू आणि बुरशीची औषधं कडक उन्हात टिकत नाहीत, म्हणून संध्याकाळ. दोन-चार गुंठ्यांचा वाफा असेल तर घरची माणसं अंड्यांचे पुंजके चिरडत फिरली तरी पुष्कळ काम होतं. पोंग्यात नऊ भाग वाळू आणि एक भाग चुना टाकण्याची शिफारसही आहे, पहिल्या ३० दिवसांपर्यंत. वैरणीत ती करायची तर कापणीला पुरेसा अवकाश असल्याची खात्री करा, नाहीतर वाळू थेट गव्हाणीत येते.

गूळ आणि भाताच्या कोंड्याचं विषारी आमिष मात्र वैरणीच्या मक्यात नकोच. धान्याच्या मक्यासाठी ते सांगितलं जातं. पण गूळ-कोंडा म्हणजे जनावराचं आवडतं खाद्य. सुटलेली कालवड पोंग्यातल्या त्या गोळ्यापर्यंत पोचली तर अळीच्या आधी तिचं काय होईल हे सांगायला नको.

आणि मका पन्नास-साठ दिवसांचा झाला असताना हल्ला वाढला तर फवारू नका, कापा. अळीने खाल्लेला हिरवा मका कडबाकुट्टीतून काढून जनावरांना घालायला हरकत नसते; अळ्या कुट्टीत जातात, मुरघासात तर जगतच नाहीत. फक्त कणसं पोखरून त्यावर बुरशी धरली असेल तर ती कणसं बाजूला काढा.

कडवळ: मेलेला पोंगा आणि जिवंत विष

खोडमाशीचा हल्ला अगदी ठरावीक काळात होतो. उगवणीनंतर पहिल्या आठवड्यापासून साधारण चौथ्या आठवड्यापर्यंत. माशी पानाच्या खालच्या बाजूला एकेक पांढरं, लांबोडकं अंडं चिकटवते. त्यातून निघालेली अळी पहाटेच्या ओलीवरून पोंग्यात घसरत जाते, वाढीचं टोक कापते आणि कुजणाऱ्या भागावर जगते. पोंगा वाळतो, आपण त्याला पोंगेमर म्हणतो. ज्या वाणांची रोपावस्थेतली पानं तुकतुकीत आणि बारीक लव असलेली असतात, त्यांच्यावर अंडी कमी पडतात आणि अळीला खाली उतरणं जड जातं. मालदांडीसारखे जुने वाण खोडमाशीला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, त्यामागे हे एक कारण आहे.

पोंगेमर दिसल्यावर फवारून उपयोग नाही; त्या काडीचं जे व्हायचं ते झालेलं असतं. उपाय पेरणीच्या तारखेत आहे. खरिपात पहिल्या चांगल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत पेरलेलं कडवळ बरंचसं निसटतं, जुलै सरता सरता पेरलेलं सापडतं. शेजाऱ्यांची ज्वारी आधी उगवलेली असते, माशी तिथे एक पिढी वाढवते आणि मग तुमच्या उशिराच्या कोवळ्या रोपांवर उतरते. वैरणीच्या ज्वारीला बियाणं हेक्टरी ४० किलो असं दाट पडतं, ही मात्र जमेची बाजू. धान्याच्या ज्वारीत पोंगेमर खुपते तितकी इथे खुपत नाही; काही काड्या गेल्या तर शेजारच्या त्यांची जागा घेतात. विरळणी करायचीच तर वाळलेल्या पोंग्याची रोपं आधी उपटा, आणि ती बांधावर न टाकता पुरा.

खरा धोका पुढे आहे, आणि तो किड्यापेक्षा मोठा आहे. टोक मेल्यावर ज्वारी बुडातून फुटवे फेकते. दिसायला वाफा पुन्हा भरतो. पण त्यात दोन वयाच्या काड्या मिसळलेल्या असतात: आईकाडी फुलोऱ्याला आलेली आणि फुटवे जेमतेम तीन-चार आठवड्यांचे. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचा पदार्थ भरपूर असतो. पान चावलं, चुरडलं गेलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल हे विष सुटतं. हे ज्वारीचं स्वतःचं संरक्षण आहे. टोळांवरच्या प्रयोगांत कोवळी ज्वारी त्यांना नकोशी असल्याचं दिसलं आहे. खोडमाशीला त्याचं फारसं काही वाटत नाही, गाईला मात्र वाटतं. पावसाने ओढ दिली असेल तर प्रमाण आणखी चढतं.

म्हणून पोंगेमर झालेल्या कडवळाचं वय पेरणीच्या तारखेवरून मोजू नका, फुटव्यांच्या वयावरून मोजा. निम्मं पीक फुलोऱ्यात आल्यावरच कापणी, ती कापून सुकवून, इतर वैरणीत मिसळून. उपाशी जनावर त्यात सोडू नका. खाल्ल्यावर थोड्याच वेळात धाप लागणं, लडखडणं, तोंडातली त्वचा लालभडक दिसणं, असं काही दिसलं तर वैरण काढून घेऊन लगेच पशुवैद्याला बोलवा. यावर इंजेक्शन आहे, पण वेळ फार थोडा असतो.

गवताने किड्यासाठी राखलेलं विष जनावराला बाधणं ही आपल्याच ज्वारीची गोष्ट नाही. न्यूझीलंडमधल्या कुरणांत रायगवताच्या आत एक बुरशी राहते. तिच्यातला पेरामिन हा पदार्थ आर्जेंटाइन स्टेम वीव्हिल या भुंग्याला गवतापासून दूर ठेवतो, आणि तिच्यातलाच लोलिट्रेम-बी हा दुसरा पदार्थ मेंढ्यांना थरथर आणि लडखड आणतो. बुरशी काढली तर भुंगा गवत संपवतो, ठेवली तर मेंढ्या पडतात. शेवटी तिथल्या संशोधकांनी पेरामिन असलेले पण लोलिट्रेम-बी नसलेले बुरशीचे प्रकार शोधून ते बियाण्यात घातले. ज्वारीत आपल्याकडे अजून कापणीची वेळ हाच त्यावरचा भरवशाचा तोडगा आहे.

बाजरीत हे हायड्रोसायनिक आम्लाचं भय नाही. ज्यांच्याकडे पाऊस बेभरवशाचा आणि पेरणी उशिराच होते, त्यांनी कडवळाचा हट्ट सोडून चाऱ्याची बाजरी पेरावी, असं माझं मत आहे. उतारा थोडा इकडेतिकडे होईल, झोप नीट लागेल.

नेपियर का वाचतं

नेपियरचं पान खरखरीत, लवेचं, कडा हात कापणाऱ्या. गवतं जमिनीतून सिलिका शोषून पानांत साठवतात. जून पानात ती जास्त. किड्याचे जबडे त्यावर झिजतात आणि पोटात गेलेलंही नीट पचत नाही. कठीण गवत आणि मऊ कृत्रिम खाद्य यांवर एकाच जातीच्या लष्करी अळ्या वाढवून पाहिल्या तेव्हा गवतावरच्या अळ्यांची डोकी जवळपास दुप्पट वजनाची निघाली. चावायला स्नायू लागतात, ते डोक्यातच मावायचे. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाला ही चैन परवडत नाही. म्हणून मोठ्या अळ्या शेजारच्या मक्यातून नेपियरवर आल्या तर खातात, पण तिथेच जन्मून वाढणं त्यांना मक्याच्या मानाने अवघड जातं.

खोडकिड्याच्या बाबतीत तर नेपियर त्याला चक्क फसवतं. हा खोडकिडा मूळचा आशियातला. १९३०च्या दशकात आफ्रिकेत पोचला आणि तिथल्या मक्याचा मोठा शत्रू झाला. केनियात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या म्बिता इथल्या ‘इसिपे’ या कीटक-संशोधन संस्थेच्या केंद्रातल्या संशोधकांनी इंग्लंडच्या रोथॅमस्टेड या शेती-संशोधन संस्थेबरोबर काम करून १९९०च्या दशकात एक पद्धत बसवली. मक्याच्या शेताभोवती नेपियर, मक्याच्या ओळींत डेस्मोडियम हे चाऱ्याचं द्विदल पीक. अंधार पडल्यावर पहिल्या तासाभरात नेपियर भरपूर गंध सोडतं, आणि नेमकी तीच पतंगांची अंडी घालायची वेळ. मादी नेपियरकडे ओढली जाते, अंडी घालते. पिल्लं खोड पोखरू लागली की नेपियर चिकट रस सोडतं, त्यात बहुतेक पिल्लं मरतात. डेस्मोडियमचा वास पतंगांना मक्यापासून हटवतो, आणि त्याच्या मुळांतून निघणारी द्रव्यं तिथलं टारफुला हे तणही रोखतात. पुढे कोरड्या भागासाठी नेपियरऐवजी ब्रॅकियारिया गवत घेऊन हीच रचना केली, तिच्यात अमेरिकन लष्करी अळ्यांची संख्याही ८० टक्क्यांहून जास्त घटलेली आढळली.

आपल्याकडे यातलं निम्मं सामान बांधावर आधीच उभं असतं. फुले जयवंत, बीएनएच-१०, को-४ या नेपियरच्या वाणांपैकी काहीतरी एक ज्याच्या-त्याच्याकडे आहेच. फक्त ते मक्याच्या एका बाजूला, विहिरीजवळ, गठ्ठ्याने लावलेलं असतं. मक्याच्या वाफ्याला चारी बाजूंनी दोन-तीन ओळी नेपियर असलं, आणि मका पेरताना ते आधीच वाढीला लागलेलं असलं, तर ते सापळ्याचं काम करेल. सगळ्या ओळी एकदम कापल्या की सापळा उघडा पडतो आणि पतंग मक्याकडे वळतो. एक ओळ कापा, एक ठेवा.

नेपियरचं कापणीनंतरचं कोवळं फुटणं ही त्याची कमकुवत वेळ. कापून झालं की आपण युरिया आणि पाणी देतो, हवंच असतं ते. पण पहिले पंधरा-वीस दिवस पान मऊ आणि नत्राने भरलेलं असतं, सिलिका अजून बसलेली नसते. नाकतोड्यांना, माव्याला तेच हवं. युरिया एकदम ओतू नका, दोन हप्त्यांत द्या, आणि बुडखे जमिनीसरपट न छाटता दहा-पंधरा सेंटिमीटर ठेवा.

ठोंब पिवळे पडत असतील तर उकरा. अर्ध्या-एक फुटात इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी निघाली तर हुमणी, आणि तिला वर पानांवर काहीही फवारून काही होत नाही. तिचे भुंगेरे वळवाच्या किंवा पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून ते पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. हे गावाने मिळून केलं तरच परिणाम दिसतो. मुळाशी हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी द्या, चांगल्या कुजलेल्या शेणखतातून, जमिनीत ओल असताना. शेणखताच्या उकिरड्यात सापडणाऱ्या जाडजूड अळ्या मात्र बहुधा गेंड्या भुंग्याच्या असतात. त्या कुजकं खातात, जिवंत मुळं नाही; त्यांना बघून घाबरून अख्खा उकिरडा औषधाने भिजवू नका.

बांधावरचं मारवेल आणि अंजन

ही गवतं किडीने मरत नाहीत. पण तिथे वाढलेली कीड नंतर वाफ्यात उतरते. आपली जुनी लष्करी अळी पानाच्या आवरणाच्या घडीत अंडी दडवते, दिवसा ढेकळाखाली, बुडख्यात बसते, रात्री खाते. कोरडा ताण आणि मागून जोराचा पाऊस असं झालं की तिची संख्या एकदम फुगते आणि खाणं संपलं की झुंडीने पुढच्या शेतात चालत जाते. अशा वेळी बांधाचं गवत कापून वैरणीला आणा, आणि झुंड चालत येताना दिसली तर मध्ये उभ्या कडांचा चर काढा. वाफ्यात पक्ष्यांना बसायला काठ्या रोवा. त्यांचं काम आपण धरतो त्याहून जास्त असतं.

नाकतोड्यांची अंडी बांधाच्या मातीत पुंजक्याने असतात, वर्षाला एकच पिढी, पावसाबरोबर फुटतात. उन्हाळ्यात बांधाची माती खरवडून उलटी केली की अंडी उन्हात वाळतात, पक्षी वेचतात. हे काम मे महिन्यात अर्ध्या दिवसाचं आहे, ऑगस्टमध्ये त्याला पर्याय नाही. (२०२० च्या मे महिन्यात विदर्भात उतरलेली टोळधाड वेगळी. ती वाळवंटी टोळाची होती, तिचा बांधाशी संबंध नाही.)

मावा

रब्बीच्या ज्वारीवर पानं चकाकू लागली की चिकटा. मावा रस शोषतो, गोड चिकट स्राव सोडतो, त्यावर काळी बुरशी वाढते, आणि असा कडबा जनावरं हुंगून सोडून देतात. मावा खाणारे ढालकिडे दिसत असतील तर आठवडाभर थांबा. वाढतच राहिला तर निंबोळी अर्क, आणि वैरणीचं पीक असेल तर सरळ लवकर कापणी.

फवारायचंच असेल तर

एमामेक्टिन बेंझोएट, क्लोरॅन्ट्रॅनिलीप्रोल, स्पिनेटोरम ही नावं मक्यावरच्या अळीसाठी सर्रास सांगितली जातात आणि ती कामही करतात. वैरणीसाठी विकत घेताना लेबलावर दोन गोष्टी बघा: तुमचं पीक आणि तुमची कीड त्यावर छापलेली आहे का, आणि शेवटची फवारणी ते कापणी यांत किती दिवस ठेवायला सांगितले आहेत. तेवढे दिवस तुमच्या वाफ्याकडे नसतील तर ती बाटली तुमच्यासाठी नाही, कितीही जालीम असो. दोन औषधांचं मिश्रण करून ‘डबल डोस’ मारायचा प्रकार तर अजिबात नको. कृषी विज्ञान केंद्रात पोंग्यासकट झाड घेऊन जा. फोनवर सांगितलेल्या वर्णनावरून मिळालेला सल्ला वर्णनाइतकाच बरोबर असतो.

फवारलेल्या वाफ्याच्या चारही कोपऱ्यांना लाल चिंधी बांधा आणि गोठ्याच्या भिंतीवर खडूने तारीख लिहा: फवारणी कधी झाली, कापायचं कधी. फवारणारा एक असतो, आणि पहाटे विळा घेऊन वैरणीला जाणारी बहुधा घरातली दुसरीच व्यक्ती असते.